तिसरी सही

कार्विलच्या बुटांच्या कारखान्यात दरवर्षी मार्चच्या सुमाराला मंदी यायची आणि माणसं थोडे दिवस घरी बसायची. त्यात कुणाला वाईट वाटत नसे. उन्हाळी बूट शिवून झालेले, हिवाळ्याच्या ऑर्डरी अजून यायच्या. मधल्या दिवसांत सरकारचा बेकारीभत्ता घ्यायचा, गळकं छप्पर नीट करायचं, मेपलच्या झाडांचा रस काढून आटवायचा आणि फोरमनचा फोन आला की डबा घेऊन पुन्हा हजर व्हायचं. घरी जाताना आपली आरी कुणी बरोबर नेत नसे. हाताने बूट शिवणारा चामड्याला भोकं पाडायची ती आरी बाकाच्या लाकडात खुपसून ठेवायचा. ही जागा माझी, मी परत येतोय, असा त्याचा अर्थ. आरी खिशात घालून निघाला तो नोकरी सोडून निघाला, असंच सगळे धरून चालायचे.

त्या वर्षीही मार्चमध्ये सगळ्यांना घरी पाठवलं, आणि सगळ्यांच्या आऱ्या बाकांत उभ्या राहिल्या. पुढचा फेब्रुवारी उजाडला तरी त्या तिथेच होत्या.

त्यांतली एक फर्नांद रांकूरची. वय चोपन्न, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न करून कनेटिकटला. ओलं चामडं ताणायचं, दोन सुयांनी टाका घालायचा आणि दोन्ही हात लांब फाकवून दोरा खेचायचा, हे काम तिने शाळा सोडल्यापासून केलेलं. त्याने तिचे खांदे नावाड्यासारखे झाले होते. चर्चमध्ये बाकावर तिला दीड माणसाची जागा लागायची आणि कुणी कुरकुर केली तर ती म्हणायची, "अर्धी जागा कारखान्याच्या नावावर लिही." बोलायला अशी फटकळ, पण एखादी गोष्ट पोटात ठेवायची म्हटली की ठेवायची. हा दुसरा गुण तिच्या फार अंगाशी आला.

तिचा थोरला भाऊ लिओनेल नादो त्याच कारखान्याच्या माळ्यावर फर्मे सांभाळायचा. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा. त्याच्यावर चामडं चढवल्याशिवाय बूट होत नाही. प्रत्येक घाटाचा वेगळा, प्रत्येक मापाचा वेगळा, डाव्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा. शिवणारे हात कितीही असोत, फर्मे नसले तर कारखाना म्हणजे नुसतं गोदाम. लिओनेलची सगळी उमर त्या माळ्यावर गेली. तडकलेला फर्मा तो फेकून देत नसे. भरायचा, घासायचा आणि टाचेत तांब्याचा एक बारीक खिळा ठोकायचा. हा आपल्या हातचा, एवढंच त्यातून त्याला म्हणायचं असायचं. बायको नाही, मूल नाही, दारू बेताची. माळा हाच त्याचा संसार.

मंदी यायच्या आधीच्या पानगळीत एक मोठा ट्रक आला आणि बहुतेक फर्मे घेऊन गेला. मालक म्हणाले, झिजलेत, मॅसॅच्युसेट्सहून नवे करून आणू. लिओनेलने पेट्या स्वतः भरल्या. प्रवासात आपटू नयेत म्हणून मध्ये कागदाचे बोळे कोंबले आणि प्रत्येक पेटीवर घाट आणि माप लिहिलं. माळा जवळजवळ रिकामा झाल्यावर तो झाडून काढला, फळ्यांना तेल लावलं आणि वाट बघत बसला.

वाट बघण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. पहिला बर्फ पडला तसा तो रोज सकाळी फावडं घेऊन यायचा आणि बंद कारखान्याच्या दारापुढची वाट मोकळी करायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं. फर्नांदचं घर समोरच, दुसऱ्या मजल्यावर. ती खिडकी उघडून ओरडायची, "अरे, पगार कोण देतंय तुला?"

"तू दे! वरून गरम कॉफी टाक!"

"टाकते, डोकं वर कर!"

हे ऐकून गल्लीतले लोक हसायचे. पण ती मोकळी वाट बघून त्यांना धीरही यायचा. लिओनेल बर्फ काढतोय म्हणजे त्याच्या कानावर काहीतरी असणार. मालकांच्या घरात त्याचं येणंजाणं आहे, तो उगाच कशाला राबेल? असं म्हणत म्हणत गावाने अख्खा हिवाळा काढला. लिओनेलला काहीएक माहीत नव्हतं. तो गावाकडे बघून धीर धरत होता आणि गाव त्याच्याकडे बघून. सगळ्या गावाची मिळून अशी एक चूक चालली होती, आणि ती चूक आहे हे फक्त फर्नांदला ठाऊक होतं.

ऑक्टोबरात राज्याच्या राजधानीतून, ऑगस्टा शहरातून, सरकारी कचेरीतल्या हॅस्केलबाई आल्या होत्या. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये कॉफी आणि डोनट ठेवून त्यांनी सगळ्यांना समजावलं. कारखान्याचं काम परदेशात गेल्यामुळे ज्यांची नोकरी गेली, त्यांच्यासाठी कायदा आहे. नवं काम शिकायची फी सरकार भरेल, शिकत असेपर्यंत दर आठवड्याला भत्ता मिळेल, औषधपाण्याच्या विम्याला हातभार लागेल. कामगारांपैकी तिघांनी अर्जावर सही करायची, की चौकशी सुरू होईल. फक्त काम सुटल्यापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.

"हे कुणाच्या विरुद्ध नाही," त्या दोनदा म्हणाल्या. "मालकांवर खटला नाही. ही भीकही नाही. तुमच्यासाठीच केलेला कायदा आहे."

लोकांनी ऐकून घेतलं, मान हलवली, डोनट संपवले. कोरे अर्ज कॉफीच्या पेल्यांखाली राहिले. चामडं कापणारी जनीन म्हणाली, "बरं झालं, टेबलावर डाग पडले नाहीत." आणि तिथल्या तिथे तिने सही ठोकली. जनीन घटस्फोट घेऊन गावात ताठ मानेने राहिलेली. लोक काय म्हणतील हा प्रश्न तिचा केव्हाच निकालात निघाला होता. दुसरी सही फर्नांदने केली. तिसरी मिळेना.

ज्याच्या दारात जावं तो एकच म्हणायचा, "लिओनेलने केली तर मी करतो." कारण आमच्याकडे असल्या कागदावर सही करणं म्हणजे कारखान्याचं मर्तिक झालं असं आपल्या हाताने लिहून देणं. आणि कारखाना कुणा परक्याचा नव्हता. बोल्ड्यूक घराणं आमच्यासारखंच क्विबेकहून आलेलं, आमच्याच चर्चमध्ये येणारं. थोरले मालक कामगारांच्या मुलांचे धर्मपिता व्हायचे. लिओनेलला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनीच हातांवर घेतलं होतं. आताचे मालक फिलिप त्यांचेच चिरंजीव. जनीनने अर्ज पुढे केला तेव्हा लिओनेल म्हणाला होता, "ज्याने मला हातावर घेतलं, त्याच्या पोराच्या पाठीत मी सुरा खुपसू? ऑर्डरी आल्या की फर्मे येतील. फर्मे आले की आपण."

फर्नांद तेव्हा शेजारीच उभी होती. तिने मूग गिळले.

कारण ते फर्मे कुठे आहेत हे तिने डोळ्यांनी बघितलं होतं. ट्रक येऊन गेला त्याच पानगळीत फिलिपनी तिला बोलावून सांगितलं होतं, डोमिनिकन रिपब्लिकमध्ये थोडं जास्तीचं काम द्यायचंय, स्वस्तातला माल, तिथल्या बायकांना टाका दाखवून ये. गावात फार बोलू नकोस. मुलीकडे जाते म्हणून सांगून ती गेली. सांतियागो शहराबाहेर पत्र्याच्या लांब शेडमध्ये भिंतीला लागून पेट्या रचल्या होत्या आणि पेट्यांवर तिच्या भावाचं अक्षर होतं. तिने एक फर्मा उचलून उलटा केला. टाचेत तांब्याचा खिळा होता.

त्याच संध्याकाळी तिने फिलिपना फोन लावला.  ते म्हणाले, "उसने दिलेत, फर्न. परत येतील. लिओनेलला सांगू नकोस, तो मनाला लावून घेईल." आणि तिने शब्द दिला.

ती तिथून परत निघून येऊ शकली असती. आली नाही. यामागे एक गोष्ट होती आणि ती तिने पाद्रीबाबांपाशीही कबूल केली नव्हती. तिथे तिला आवडलं होतं. पोरी तिला "माएस्त्रा" म्हणायच्या, म्हणजे शिकवणाऱ्या बाई. आठवी सोडून कारखान्यात घुसलेल्या फर्नांदला जन्मात कुणी तसं म्हटलं नव्हतं. एकीने पहिला सारखा टाका घातला तेव्हा दोघींनी नाचून घेतलं. स्वस्तातला टाका सांगितला होता, पण तिने चांगला शिकवला. वाईट शिकवणं तिला येतच नव्हतं. आपल्या गावाची भाकरी आपण आपल्या हाताने, आणि वर हसतहसत, उचलून दिली, हे नंतर तिला रोज आठवायचं. म्हणून ती गप्प राहिली. दिलेल्या शब्दासाठी थोडी आणि या लाजेपायी जास्त.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी लिओनेल नेहमीसारखा तिच्याकडे जेवायला आला. शनिवारी काकवी घालून रांधलेला घेवडा आणि डुकराच्या मांसाचा तुकडा, हे आमच्याकडे घरोघरचं जेवण. खायच्या आधी त्याने खिशातून साखरेच्या आजाराची गोळी काढली, बशीत ठेवली आणि चामडं सोलायच्या सुरीने तिचे दोन भाग केले. एक तोंडात टाकला, दुसरा कागदात बांधून खिशात ठेवला.

"हे काय चाललंय?" फर्नांदने विचारलं.

"काटकसर."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"डॉक्टर कशाला सांगतील? विमा गेला तसे तेही गेले. काम सुरू झालं की अख्खी खाईन. तू घेवडा वाढ."

तिने वाढलं. त्याचा डावा बूट सैल बांधलेला होता आणि घोट्यावर सूज होती.  त्याला काम सुरू होण्याची वाट बघायला लावणारी आपणच, हे तिला त्या सुजेत स्पष्ट दिसलं. सांगावं, तर भाऊ जाईल. न सांगावं, तरी जाईल. पहिल्या जाण्यात निदान तो जिवंत राहील, एवढाच हिशेब तिला करता आला.

सोमवारी ती आधी फिलिपकडे गेली. दिलेला शब्द मोडायचा तर तोंडावर सांगून मोडावा, असा तिचा स्वभाव. ते कारखान्याच्या ऑफिसात एकटेच बसले होते, अंगात कोट, पायाशी छोटा हीटर.

"मी लिओनेलला सांगणार आहे," ती म्हणाली.

त्यांनी चष्मा काढला. "फर्न, बँकेशी बोलणं चाललंय. अजून एखादा महिना—"

"महिन्यात अर्जाची मुदत जाईल. हॅस्केलबाई म्हणाल्या, मालकाने एकट्याने अर्ज केला तरी चालतो. तुम्ही करा. मग मला काही सांगावं लागणार नाही."

"मी तसं लिहून दिलं तर सगळं संपलंच ना."

"संपलेलं नाही का?"

फिलिपनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. माणूस वाईट नव्हता. वडिलांनी उभं केलेलं आपल्या हातून बुडालं, हे गावासमोर म्हणायची त्याला हिंमत नव्हती, आणि त्याची किंमत गाव गोळ्या तोडून चुकवत होतं. फर्नांदला त्याची कीव आली आणि संतापही आला. दार लावून घेताना तिने ते जरा जोरातच लावलं.

लिओनेल बाहेरच होता, नुकत्याच पडलेल्या बर्फात. तिने त्याच्या हातातलं फावडं धरलं.

"सोड. हे दार आता उघडणार नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. तुझे फर्मे मॅसॅच्युसेट्सला गेलेच नाहीत. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आहेत, सांतियागोला. मी बघितलेत."

तो हसला. "दुसऱ्या कुणाचे असतील. फर्मे काय, सगळे सारखेच दिसतात तुम्हा शिवणाऱ्यांना."

"पेट्यांवर तुझं अक्षर आहे. टाचेत तुझे खिळे आहेत, लिओनेल. मी त्याच फर्म्यांवर तिथल्या पोरींना शिकवलं. सगळं शिकवलं. चांगला टाकासुद्धा."

तो फावड्यावर रेलून उभा राहिला. समोरच्या बेकरीतून कुणीतरी हात केला, त्याने सवयीने हात केला.  मग त्याने विचारलं, "जमिनीवर ठेवलेत का?"

"काय?"

"फर्मे. तिथे दमट हवा असते म्हणतात. जमिनीवर ठेवले तर फुगतात."

"नाही. फळ्या केल्यात. एक म्हातारा आहे, तो बघतो. रोज पुसतो."

लिओनेलने मान हलवली. "आण तो कागद," तो म्हणाला.

तिच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच त्याने सही केली. खुर्ची पुढे केली ती घेतली नाही, कॉफी घेतली नाही. जिना उतरताना कठडा धरला, एवढंच तिने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ पडला आणि कारखान्याच्या दारापुढे तसाच साचून राहिला. कुणी काही जाहीर केलं नाही, पण दुपारपर्यंत गावाला कळून चुकलं. लोक एकेक करून आले, फिलिपनी कुलूप काढून दिलं, आणि ज्याने त्याने आपापली आरी बाकातून उपटून घेतली. जनीन म्हणाली की तेवढा वेळ आत कुणी शब्द बोललं नाही; तिनेही नाही, आणि त्यावरून काय ते समजावं.

अर्ज मुदतीत पोचला. चौकशी झाली, फिलिपनी सगळं खरं लिहून दिलं, आणि मे महिन्यात मंजुरी आली. त्यानंतर फर्नांदच्या जिन्यावर माणसांची रीघ लागली. कुणाला शाळेचा फॉर्म भरायचा, कुणाला विम्याचं विचारायचं, कुणी नुसताच केक घेऊन आलेला. ज्यांनी ऑक्टोबरात दार लावून घेतलं होतं तेही आले. "तुझ्यामुळे," असं प्रत्येक जण म्हणे, आणि ती म्हणे, "माझ्यामुळे काही नाही, तिसरी सही लिओनेलची."

शिकवायला गेल्याचं तिने आता कुणापासून लपवलं नाही. दोघीतिघींनी बोलणं टाकलं. बाकीच्यांनी टोमणे मारून विषय संपवला. जनीन तर तिला भर बाजारात "माएस्त्रा" म्हणून हाक मारायची. ते सगळं फर्नांदने सोसलं, त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. शनिवारचं मात्र वाटायचं. सही केल्यापासून लिओनेल तिच्याकडे आला नव्हता. चर्चमध्ये दिसायचा, मान हलवायचा, आणि मागच्या दाराने निघून जायचा.

त्याने फ्रिज आणि थंडाव्याची यंत्रं दुरुस्त करायच्या वर्गात नाव घातल्याचं तिला दुसऱ्यांकडून कळलं. वर्गात सगळे विशीतले, हा साठीला टेकलेला. गणितात अडकतो, पण हातांनी करायचं काम दिलं की मास्तर इतरांना त्याच्याभोवती उभं करतात, असं जनीनच्या भाच्याने सांगितलं. गोळी अख्खी खातो, घोट्याची सूज उतरली, हेही त्याच्याकडूनच.

सप्टेंबर संपता संपता तिला राहवेना. ती त्याच्या घरी गेली. तो दाराबाहेर पायरीवर पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता, नाकावर नवा चष्मा.

"बरा आहेस?"

"बरा आहे."

"शाळा?"

"चाललीय. गॅसचा दाब काढायचं गणित येत नाही. येईल."

 मग ती म्हणाली, "माझ्यावर रागावलायस ना?"

"हो."

"त्या पोरींना शिकवलं म्हणून?"

"नाही गं. तू नसतं शिकवलंस तर दुसऱ्या कुणी शिकवलं असतं. आणि वाईट शिकवलं असतं."

"मग सांगितलं म्हणून?"

"उशिरा सांगितलंस म्हणून." त्याने पुस्तक मिटलं. "आल्या आल्या सांगितलं असतंस, तर मी तुला शिव्या घातल्या असत्या, वर्षभर तुझं तोंड बघितलं नसतं. एव्हाना ते संपून गेलं असतं. तू वर्षभर थांबलीस, म्हणून माझा राग फेब्रुवारीत सुरू झाला. त्याला त्याचा वेळ लागणार."

"किती?"

"मला काय ठाऊक? तुझ्यावर पहिल्यांदाच रागावलोय मी."

हे तो अगदी साधेपणाने बोलला. ती खालच्या पायरीवर बसली. त्याने तिला जा म्हटलं नाही, आणि आत ये असंही म्हटलं नाही.